हलके स्की टूरिंग बूट: आधी पाऊल, मग वजन

माझ्या पहिल्या टूरिंग बुटांचं वजन एका पायाला 990 ग्रॅम होतं. दुकानात एक बूट तळहातावर घेतला आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, हेच घ्यायचे. विक्रेताही म्हणाला, बायकांसाठी यापेक्षा हलकं काही मिळणार नाही. माझ्या पावलाची लांबी 24.2 सेंटिमीटर, त्यानं नंबर दिला 25.5, कारण त्यात पाय ‘आरामात’ बसला. तीन आठवड्यांनी टिरोलमधल्या सेलराइन खोऱ्यात प्राक्समारहून लाम्पसेनश्पिट्स चढत होतो. सुमारे 1200 मीटरचा चढ. पहिले 400 मीटर होतात न होतात तोच डाव्या टाचेला चटका बसायला लागला. वर पोहोचून बूट काढला तेव्हा मोजा टाचेला रक्तानं चिकटलेला होता. उतरताना तर आणखी हाल झाले. पाऊल आतल्या आत पुढेमागे सरकत होतं, मी डावीकडे वळायचं म्हणेपर्यंत स्की अर्धा क्षण सरळच जायची.

त्यानंतर मी दोन जोड बदलले, आणि म्युनिकमधल्या मैत्रिणींबरोबर त्यांच्या खरेदीला कितीतरी दुपारी दुकानात बसून काढल्या. त्यातून जे कळलं ते इथे ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं लिहिते आहे. हा क्रम मोडू नका. बहुतेक जणी वजनापासून सुरुवात करतात, मीही केली होती. वजनाचा नंबर बराच खाली लागतो.

ज्यांना स्की टूरिंग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. यात दोरवाटेनं वर जायचं नसतं. स्कीच्या तळाला ‘स्किन्स’ म्हणजे एका दिशेनं लव असलेल्या पट्ट्या चिकटवायच्या. त्या पुढे सरकतात, मागे घसरू देत नाहीत. टाच मोकळी ठेवून आपल्या पायानं डोंगर चढायचा, वर पोहोचलं की पट्ट्या काढायच्या, टाच अडकवायची आणि स्की करत खाली यायचं. टिरोलच्या फ्रिट्स बार्टेल यांनी 1980च्या दशकात पिनांचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारा सांधा, तयार केलं आणि हा खेळ एकदम हलका झाला. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूच्या खोबणी असतात, बाइंडिंगच्या दोन पिना त्यांत बसतात आणि त्यांवरच पाऊल झुलतं. म्हणजे एकाच बुटानं चढताना चालायच्या बुटासारखं वाकायचं आणि उतरताना खांबासारखं ताठ राहायचं. ही दोन्ही कामं एकाच बुटाला पूर्ण चांगली जमत नाहीत. म्हणून तडजोड कुठे करायची हे आधी ठरवावं लागतं.

तुम्ही खरंच कुठे जाणार आहात?

बाजारात ढोबळमानानं चार वजनांचे बूट दिसतात. शर्यतीचे, एका पायाला 700 ग्रॅमच्या आतबाहेर. हलके टूरिंगचे, साधारण 900 ते 1200. मधले, 1200 ते 1500. आणि उताराला प्राधान्य देणारे फ्रीराइडचे, त्याच्याही वर. वर्षातल्या वीस सहलींपैकी अठरा सहली सकाळी चढून दुपारी उतरायच्या असतील, स्की तिच्या कमरेशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात, 80 ते 90 मिलिमीटर रुंद असेल, तर दुसरा गट पाहा. दिवसभर लिफ्ट आणि अधूनमधून तासाभराची चढाई असं असेल तर हलक्या बुटाचा हट्ट सोडा. रुंद, जड स्की आणि किलोभराचा बूट ही जोडी वाईट. स्की पायाला ओढत नेते, पाय स्कीला वळवू शकत नाही.

स्की नीट करता येत नसेल तर हलका बूट सोपा जाईल असं पुष्कळ जणींना वाटतं. घडतं उलटं. जड, ताठ बूट तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतो. हलका बूट प्रत्येक चूक जशीच्या तशी स्कीपर्यंत पोहोचवतो. पहिल्याच हंगामाला निघालेल्या मैत्रिणीला मी 1200 ते 1350 ग्रॅमच्या आसपासचं काहीतरी सुचवते.

घरी बसून करायचं माप

हे संध्याकाळी करा. दिवसभर चालल्यावर पाऊल सकाळपेक्षा थोडं मोठं भरतं आणि डोंगरातही ते तसंच होणार असतं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सगळं वजन त्या पायावर टाका, सर्वांत लांब बोटाशी खूण करा. ते सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही. कित्येकींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा. स्की बुटांचा नंबर म्हणजे सेंटिमीटरमधली पावलाची लांबीच, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. 24.2 सेंटिमीटर पावलाला 24.5 नंबर. इतकं सरळ. चपलेचा नंबर इथे विसरून जा.

आता चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड यांमधलं अंतर. आपल्यापैकी बऱ्याच जणी लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या असतात. बोटांना मोकळीक मिळालेली असते, त्यामुळे चवडा पसरट आणि टाच मात्र निमुळती. युरोपातल्या बुटांचे साचे बहुतेक 98 ते 103 मिलिमीटर रुंदीचे असतात. जाहिरातीतला तो आकडा एका ठरावीक नंबराचा असतो, नंबर लहान झाला की रुंदीही घटते, हे लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर पाऊल लांबीला किंवा रुंदीला वाढलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. जुन्या बुटाच्या नंबरावर विसंबू नका, पुन्हा मोजा.

नडगीच्या मागे पोटरीचा घेरही एकदा मापून ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

आणि जोडवी. पैंजणही. दुकानात जायच्या आधी काढून ठेवा आणि डोंगरात तर घालूच नका. थंडीत जोडव्याखालचं बोट बुटाच्या दाबानं सुजलं की रक्त खेळत नाही, वर धातू थंडी खेचून घेतो. माझ्या एका मैत्रिणीचं शेजारचं बोट दोन दिवस बधिर होतं. नखंही आदल्या दिवशी कापा. दुकानात नखाचा दाब बोटाचा दाब वाटतो आणि उगाच एक नंबर मोठा बूट गळ्यात पडतो.

रिकाम्या कवचात पाय

संपूर्ण खरेदीतली ही सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटं. बुटाचे दोन भाग असतात. बाहेरचं टणक कवच आणि आतला मऊ लायनर. विक्रेत्याला सांगा, लायनर काढून द्या. काही जण कुरकुर करतील, तरी सांगाच. लायनर सुरुवातीला जाड आणि फुगलेला असतो, तो खरं माप लपवतो. दहा-पंधरा सहलींनी तो दबतो आणि मग तुम्ही एक नंबर मोठ्या बुटात उरता. माझं नेमकं हेच झालं होतं.

पातळ मोजा घालून रिकाम्या कवचात पाय घाला. सगळ्यांत लांब बोट पुढच्या भिंतीला अगदी हलकं टेकेल इतकं पाऊल पुढे सरकवा. गुडघा थोडा वाकवा आणि टाचेच्या मागे किती जागा उरते ते पाहा. एक बोट किंवा एक जाडसर मार्कर पेन सहज सरकायला हवं, म्हणजे साधारण 12 ते 18 मिलिमीटर. दोन बोटं शिरली तर तो बूट तुमचा नाही, मग तो दुकानातला सर्वांत सुंदर बूट असला तरी. बोट मुळीच शिरत नसेल तर दिवसभराच्या चढाईला तो फार घट्ट. शर्यत पळणाऱ्या बायका दहा मिलिमीटरच्या आतही चालवून घेतात. आपण सकाळी सहाला निघून दुपारी परतणारी माणसं.

आता रुंदी. पाऊल कवचाच्या मधोमध ठेवा आणि दोन्ही बाजूंना बघा. करंगळीचं हाड भिंतीला टेकत असेल तर लायनर घातल्यावर ते रुतणारच. थोडंसं टेकत असेल तर कवच तापवून बाहेर फुगवता येतं. अर्धा सेंटिमीटर कमी पडत असेल तर साचाच वेगळा हवा.

एक गोष्ट दुकानात क्वचित सांगतात. अर्ध्या नंबराला वेगळं कवच नसतं. बहुतेक कंपन्यांत 24 आणि 24.5 एकाच कवचात येतात, फरक लायनरचा किंवा आतल्या तळव्याचा (इनसोलचा). कोणते दोन नंबर एका कवचात आहेत हे मात्र कंपनीगणिक बदलतं, म्हणून विचारा. ‘अर्धा नंबर मोठा घेऊ या’ याचा अर्थ कधी काहीच नसतो आणि कधी थेट सेंटिमीटरभर मोठं कवच असतो.

लायनर घालून वीस मिनिटं

कवच जमलं की लायनर परत घाला, बूट चढवा, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा आणि मगच बकलं लावा. बकल आधी घोट्यावरचं, कारण टाच तेच धरून ठेवतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकायला हवीत. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की ती मागे सरून मोकळी व्हायला हवीत. सरळ उभं असताना बोटं अगदी मोकळी, हलवायला भरपूर जागा, असं असेल तर बूट मोठा आहे. टाच उचलून पाहा. चालायच्या बुटात टाच पाव सेंटिमीटर उचलली तर चालतं, इथे चालत नाही. हजारो पावलं त्याच जागी घासायची आहेत.

मग तसंच बसा, गप्पा मारा, चहा प्या. वीस मिनिटं बूट काढू नका. सगळीकडून सारखा दाब येत असेल तर तो चांगला, कोणी पाऊल मुठीत धरल्यासारखा. एकाच बिंदूवर टोचत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, किंवा पावलाच्या वरच्या बाजूला शिरेवर दाब येऊन पाय गार पडत असेल, तर ते आपोआप बरं होणार नाही.

टोचणारी जागा नेमकी शोधायला माझ्याकडे एक युक्ती आहे. बूट बसवणारे अनुभवी लोक त्यासाठी लिपस्टिक वापरतात. माझ्याजवळ त्या दिवशी नव्हती, पर्समध्ये कुंकवाची बाटली होती. घोट्याच्या हाडावर मोज्यावरून ओल्या कुंकवाचा ठिपका लावला, पाय हळूच बुटात घातला, बकल लावलं आणि काढला. लायनरच्या आत लाल खूण उमटली, मला वाटत होतं त्याच्यापेक्षा बोटभर मागे. बूट बसवणाऱ्या बाईंनी ती खूण बाहेरच्या कवचावर पेन्सिलीनं उतरवून घेतली आणि तेवढाच भाग तापवून बाहेर काढला. अंदाजानं केलं असतं तर चुकीच्या जागी फुगवटा आला असता.

मोज्यांबद्दल एकच सांगते. एकच जोड, पातळ, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले तर बूट घट्ट होतो, रक्त अडतं आणि पाय जास्त गारठतात.

चालून बघा, नुसतं उभं राहू नका

टूरिंगच्या दिवसातला बहुतेक वेळ चढण्यात जातो. तरी दुकानात जवळजवळ प्रत्येक जण बूट ताठ करून उतारावरची पोझ घेऊन बघतो. बुटाच्या मागे एक खटका असतो, तो उघडला की वरचा कफ, म्हणजे नडगी-पोटरीभोवतीचा भाग, मोकळा होतो. पत्रकात 60 अंश, 70 अंश असे हालचालीचे आकडे असतात. त्यांवर फार जाऊ नका. आकड्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, कफ मागे किती जातो, कारण लांब पाऊल टाकताना मागचा पाय तिथेच अडतो. दोन, त्या हालचालीला घर्षण किती आहे. कधी कधी 60 अंशांचा बूटही प्रत्येक पावलाला किंचित ओढून धरतो, आणि त्याच अंशांचा दुसरा दाराच्या तेल घातलेल्या बिजागरीसारखा हलतो. दुकानात जिना असेल तर दहा वेळा चढा-उतरा. घोट्यावरचं सोडून बाकीची बकलं सैल, वरचा पट्टा उघडा, जसं डोंगरात कराल तसं.

खटका एका हातानं, जाड हातमोज्यानिशी उघडता येतो का तेही तिथेच पाहा. वाऱ्यात, डोंगरमाथ्यावर, हातमोजा काढायची वेळ येऊ नये.

‘महिलांसाठी’ म्हणजे नक्की काय

बुटावर बायकांचं नाव असतं, त्यामागे काही वेळा खरी कारणं असतात आणि काही वेळा फक्त रंग. खरं कारण पोटरीचं. बऱ्याच बायकांची पोटरी पुरुषांच्या मानानं खालपर्यंत भरलेली असते. पुरुषांचा उंच कफ त्या पोटरीत घुसतो, पोटरी मागून नडगीला पुढे ढकलते आणि तुम्ही दिवसभर नको तितक्या गुडघ्यात वाकून उभ्या राहता. संध्याकाळी मांड्या भरून येतात आणि आपल्याला वाटतं, आपली तयारीच कमी पडली. बायकांच्या बुटाचा कफ बुटका आणि वरून रुंद हवा, टाचेची जागा अरुंद हवी. दुकानात कफाच्या मागे आत एखादी फळी किंवा जाड गादी असेल तर काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

खालचं कवच मात्र पुष्कळ मॉडेलमध्ये पुरुषांच्या बुटाचंच असतं. त्यात गैर काही नाही. उंच आणि सडपातळ पोटरीच्या बाईनं पुरुषांचा लहान नंबर जरूर घालून पाहावा.

मला खटकतं ते ताठपणाचं. कितीतरी मॉडेलमध्ये बायकांचा बूट मुद्दाम एक पायरी नरम काढलेला असतो. बुटाच्या ताठपणाला फ्लेक्स म्हणतात आणि तो 90, 100, 110, 120 असा सांगतात. हा आकडा प्रमाणित नाही. एका कंपनीचा 110 दुसरीच्या 100पेक्षा मऊ निघू शकतो. 50 किलोच्या, सौम्य उतारावरून येणाऱ्या बाईला 95 ते 105 पुरेसा असतो. पण 68 किलोची, जोरकस स्की करणारी बाई त्याच बुटात पुढच्या बाजूला कोसळत राहते. विक्रेत्यानं वजन आणि उतरण्याची सवय न विचारता नुसतं ‘तुम्हाला हा’ म्हटलं तर थांबवा आणि आपणच सांगा. घालून, पूर्ण ताकदीनं नडगी पुढे रेटून बघा. कफ आधी थोडा देतो आणि मग थांबतो, असं हवं. एकदम मऊसर वाकत जाणारा नको आणि दगडासारखा न हलणाराही नको.

आता वजन

वजनाचा हिशेब एकदा मनाशी करून ठेवण्यासारखा आहे. पाच किलोमीटरच्या चढवाटेवर पाऊल साठ-पासष्ट सेंटिमीटरचं धरलं तर सात-आठ हजार पावलं होतात. प्रत्येक पायाच्या वाट्याला साडेतीन-चार हजार. एका बुटात 300 ग्रॅम वाचले तर दर पायामागे दिवसाला टनाहून जास्त वजन पुढे ढकलायचं वाचलं. हे खरं आहे आणि दुपारी ते पायांत जाणवतं. म्हणूनच बूट नीट बसत असलेल्या दोन-तीन जोडांत मी नेहमी हलका उचलते. पण टाच सोलली तर हाच हिशेब शून्य.

पत्रकातले आकडे वाचताना एक सापळा असतो. पुरुषांच्या बुटाचं वजन बहुधा 26.5 किंवा 27 नंबराचं देतात, बायकांचं 24.5चं. लहान बूट हलका असणारच. ‘महिला आवृत्ती 100 ग्रॅम हलकी’ यातले बरेचसे ग्रॅम नुसत्या लहान नंबराचे असतात. शिवाय आतला तळवा, पुढची जीभ, वरचा पट्टा धरून वजन आहे की वगळून, तेही पाहायला हवं. माझी एक मैत्रीण स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पिशवीत घालून दुकानात नेते. पहिल्यांदा मला संकोच वाटला होता, आता मीही नेते.

वजन येतं कुठून? मुख्यतः कवचाच्या प्लॅस्टिकमधून. लिफ्टनं वर जाऊन तयार उतारांवर, म्हणजे स्कीच्या धावपट्टीवर, वापरायचे जाड बूट पॉलियुरेथेनचे असतात. ते जड, आणि कडाक्याच्या थंडीत आणखी कडक होतात. टूरिंगमध्ये पेबॅक्स आणि ग्रिलॅमिड ही नावं ऐकू येतील. पेबॅक्स हलकं, लवचीक, थंडीत फारसं बदलत नाही, पण तापवून फुगवलं तरी थोडं मूळ आकाराकडे परततं. ग्रिलॅमिड त्याहून पातळ ओतता येतं आणि ताठ राहतं, म्हणून एक किलोच्या आसपासचे बूट बहुधा त्याचेच. त्यात कार्बनचे तंतू मिसळले की ते आणखी ताठ होतं, पण मग बूट फुगवून घेणं कठीण होतं. चवडा पसरट असेल तर कार्बनवाल्या कवचाच्या मोहात पडण्याआधी हे पक्कं विचारा. पेबॅक्सचा एक प्रकार, पेबॅक्स आरन्यू, एरंडेल तेलापासून बनतो, आणि जगातलं बहुतेक एरंड आपल्याकडे, त्यातही गुजरातेत पिकतं. आल्प्सच्या बर्फात पायातल्या बुटाकडे बघताना मला आजीच्या एरंडेलाच्या बाटलीची आठवण होते.

कंपन्यांची नावं विचारली जातात म्हणून सांगते. स्कार्पाचा गेआ (हा पुरुषांच्या माएस्त्रालेचा जोडीदार) आणि एफ1, ॲटॉमिकचा बॅकलँड, डायनाफिटचा रॅडिकल, टेक्निकाचा झिरो जी टूर, या सगळ्यांच्या बायकांसाठीच्या आवृत्त्या निघतात. हातात घेऊन बघायला ही चांगली सुरुवात आहे. यांतला सर्वांत चांगला कोणता, याचं उत्तर तुमच्या टाचेकडे आहे, माझ्याकडे नाही. नवे बूट साधारण 450 ते 800 युरोंना पडतात. मार्च-एप्रिलमध्ये किमती उतरतात, पण 23 आणि 23.5सारखे लहान नंबर तोवर संपलेले असतात. पाऊल लहान असेल तर नोव्हेंबरातच पूर्ण किंमत मोजलेली बरी.

बाइंडिंग आणि क्रॅम्पॉन

पिनांचं साधं बाइंडिंग असेल तर धातूच्या खोबणी असलेला कोणताही टूरिंग बूट चालतो. बाइंडिंग सालोमन शिफ्टसारखं, उतरताना बुटाला पुढून आणि मागून पकडणारं असेल तर तळव्याला पुढेमागे ओठासारखी कड हवी. अगदी हलक्या बुटांवर ती कधी कधी कापलेली असते. डायनाफिटच्या टीएलटी 7ला पुढची कड नव्हती, आणि त्यावर नेहमीचे पुढून तारेनं अडकवायचे क्रॅम्पॉन (टणक बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे धातूचे खिळे) बसत नसत. वसंतात टणक बर्फावरून माथ्याच्या शेवटच्या टप्प्याला पायी जायचं असेल तर स्वतःचे क्रॅम्पॉन दुकानात नेऊन लावून बघा. बूट बदलला की बाइंडिंगही नव्या तळव्याच्या लांबीला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. नंबर तोच असला तरी तळवे कंपनीगणिक कमी-जास्त असतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

तापवून घेणं आणि पहिल्या चार सहली

लायनर तापवून पायाच्या आकाराला बसवतात. भट्टीत तो मऊ होतो, बोटांवर छोटी टोपी चढवून, आतला तळवा घालून पाय आत घालतात आणि दहा-बारा मिनिटं स्थिर उभं राहायचं. माझा सल्ला, आतला तळवा आधी चांगला घ्या. बुटाबरोबर येणारा बहुधा नुसता कागदासारखा पातळ असतो. पावलाच्या कमानीखाली आधार नसेल तर पाऊल पसरतं, लांब होतं आणि बोटं पुढे आदळतात. कमानीला आधार मिळाला की कधी कधी ‘लहान’ वाटणारा बूटही बरोबर बसतो. कवच फुगवण्याचं काम दोन-तीन लहान सहलींनंतर करा. फुगवलेलं पुन्हा हवं तसं आत घेणं अवघड असतं.

पहिल्या सहली छोट्या ठेवा, 400-500 मीटर चढाच्या, शक्यतो धावपट्टीच्या कडेनं ठरवून दिलेल्या चढवाटेवर. टाचेला जरा गरम वाटलं की तिथेच थांबा आणि चिकटपट्टी लावा. दहा मिनिटांनी लावू म्हटलं की फोड आलेला असतो. चढताना बकलं सैल असू द्या. घोट्यावरचं मात्र टाच धरण्याइतकं लावलेलं ठेवा. लाम्पसेनश्पिट्सवर त्या दिवशी मी तेही सोडून दिलं होतं.

गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या मैत्रिणी विचारतात, बूट तिथे मिळतील ना? धावपट्टीचे बूट भाड्यानं मिळतात. टूरिंगचे, तेही 23-24 नंबराचे, बेताचेच. गुलमर्गच्या गोंडोलाचा वरचा टप्पा जवळजवळ 4000 मीटरपर्यंत नेतो आणि तिथली थंडी आल्प्समधल्या नेहमीच्या सहलीपेक्षा जास्त बोचरी असते. म्हणून तिथल्यासाठी अगदी पातळ लायनरचा शर्यतीचा बूट नको. इतर सामान भाड्यानं घ्यायचं असलं तरी बूट स्वतःचे न्या. स्की भाड्याची घेणार असाल तर त्यांवर पिनांचं बाइंडिंग आहे का आणि ते तुमच्या तळव्याला जुळवून देतील का, हे निघण्याआधी फोनवर विचारून ठेवा. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र, फावडं आणि शोधकाठी बुटांइतकीच आवश्यक आहेत, आणि ती वापरायचा सराव त्याहून जास्त.

जुने बूट घेताना, आणि रोजची निगा

जुना जोड स्वस्तात मिळतो. घेण्याआधी खोबणींच्या कडा बोटानं चाचपून बघा. गोल, गुळगुळीत असल्या तर ठीक, लंबगोल झिजल्या असतील तर घेऊ नका, कारण पाय बाइंडिंगमध्ये किती घट्ट धरला जातो आणि पडल्यावर सुटतो की नाही, हे सगळं त्या खोबणींवर आहे. कफाचे सांधे हलवून खिळखिळे झालेत का पाहा, घोट्याजवळ प्लॅस्टिकला केसासारखी चीर नाही ना ते उजेडात धरून पाहा. आणि लायनर आधीच्या बाईच्या पायाला तापवून बसवलेला असणार, तो नवीन घ्यावा लागेल हे किमतीत धरा.

स्की घालताना खोबणीत बर्फ नाही ना ते दरवेळी बघायचं. पिना आत बसल्या की टाच मोकळी असतानाच पाय चार-पाच वेळा पुढेमागे झुलवायचा, उरलासुरला बर्फ बाहेर पडतो. घरी आल्यावर लायनर लगेच काढून, उलगडून, पंख्याजवळ वाळवायचा, हीटरवर कधीच नाही. हंगाम संपला की बूट कोरडे करून, बकलं अगदी हलकी लावून ठेवायची. उघडे ठेवले तर उन्हाळाभरात कवच फाकतं, आणि नोव्हेंबरात पहिल्याच दिवशी टाच पुन्हा उचलायला लागते.